शेवाळाची उलटी बाजू

जेबेझ कर्शॉने सात वर्षं आपल्या बायकोचं नाव तोंडातून काढलं नाही. आमच्या रॅम्सक्लफमध्ये नवऱ्याने बायकोला नावाने हाक मारण्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट वरच्या आळीतून खालच्या आळीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात मारतात. त्यामुळे जेबेझचं हे मौन लोकांच्या लवकर लक्षात आलं. कुणी विषय काढलाच तर तो ‘ती’ म्हणायचा, ‘घरची’ म्हणायचा, आणि मागावरचा धोटा असा आपटायचा की समोरच्याची पुढचं विचारायची छाती होऊ नये. बायकांना वाटलं, दुःखाने वाचा बसली बिचाऱ्याची. दुःख होतंच. पण त्याने शपथ घेतली होती. डॉक्टर ऑब्री पेल्हम यांच्या तोंडून ते नाव चारचौघांत निघेपर्यंत आपल्या तोंडून काढायचं नाही, अशी.

ही शपथ त्याला का घ्यावी लागली ते कळायचं तर आधी ‘निळा मेंढा’ गुत्त्यातलं रविवारचं टेबल माहीत हवं.

प्रार्थना आटोपली की खोऱ्यातले दहा-बारा विणकर तिथे जमत. प्रत्येकाच्या टोपीत आठवड्याभरात डोंगरावर सापडलेली काही ना काही पाला-वनस्पती असे. सगळा पसारा टेबलावर ओतायचा, बिअर मागवायची आणि गप्प बसायचं. बोलायचा अधिकार एकट्या ल्यूक हार्डकासलचा. ल्यूक मोची होता, एका कानाने अधू, आणि पाचशे शेवाळांची लॅटिन नावं त्याला आपल्या पोरांच्या नावांपेक्षा जास्त भरवशाने आठवत. त्याची एक रीत होती. नमुना हातात घेतला की तो आधी उलटा करायचा. मुळाशी चिकटलेली माती बोटांनी चुरून बघायची, वास घ्यायचा, मगच वरची बाजू.

“वरून सगळीच हिरवी असतात रे,” तो म्हणायचा. “सोंगं सगळी वर. खरं काय ते खाली.”

मग तो नाव सांगायचा, आणि नावामागोमाग विचारायचा, “कुणी, कुठे?” ज्याचा नमुना असेल त्याने उभं राहून दोन्ही सांगायचं. नाव, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी जोडल्याशिवाय कुठलाही नमुना त्या टेबलावरून हलत नसे. ठिकाण खोटं सांगणाऱ्याचा बिअरचा मग खुंटीवरून उतरवून उंबऱ्यावर फोडत. चाळीस वर्षांत दोनच मग फुटले होते, आणि त्यातला एक माणूस गाव सोडून गेला.

बायकांना त्या टेबलावर जागा नव्हती. पण जेबेझच्या टोपीतून जे येई त्यातलं अर्ध्याहून जास्त त्याच्या बायकोचं असे, आणि तो उभा राहून सरळ सांगायचा, “टेमरने, चर्चच्या मागच्या ओहोळात.” “टेमरने, ओकच्या बुंध्यावर.” आधी आधी हे ऐकून काहींना हसू फुटायचं. ल्यूकने एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली, तेव्हापासून बंद झालं.

टेमर घरी सुताच्या कांड्या भरायची, मागाजवळच्या खिडकीत बसून. अंगाने काडी, छातीत कापसाची धूळ, पण डोळे असे की चालत्या गाडीतून गवतातली टाचणी दिसावी. एका मार्चमध्ये काळ्या धारेच्या धबधब्यामागे, जिथे हात घातला की कोपरापर्यंत बधिर होतो, तिथे तिला नखाएवढं एक शेवाळ दिसलं. टोकं तांब्याच्या रंगाची. जेबेझ म्हणाला, चल, रविवारी ठेवू. ती म्हणाली, नाही. बोंडं धरू देत, त्यांच्याशिवाय शेवाळाची ओळख पक्की होत नाही. त्या वर्षी बोंडं धरली नाहीत. दुसऱ्या वर्षी धरली, पण झाकण उघडायच्या आत पुरात वाहून गेली. तिसऱ्या वसंतात ती रोज गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधी चार मैल चढून जायची, आणि अखेर झाकण उघडताना तिने पाहिलं. बोंडाच्या तोंडाशी सोळा दात असायला हवे होते, होते आठच. त्या रविवारी ल्यूकने ते शेवाळ उलटं केलं, सुलटं केलं, पुन्हा उलटं केलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाला, “मला माहीत नाही.”

असं कधी झालंच तर सगळ्यांनी उठून उभं राहायचं, असं टेबलावर ठरलेलं होतं. त्या दिवशी उभे राहिले, आणि जेबेझ घरी जाईपर्यंत रस्ताभर एकटाच हसत होता.

अशा अनोळखी शेवाळाला नाव द्यायचं तर ते पुस्तकात छापून यावं लागतं, आणि पुस्तकं छापणारा माणूस खोऱ्यात एकच होता. डॉक्टर पेल्हम. वडिलांच्या दोन गिरण्या, स्वतःची डॉक्टरकी कागदावरची. आयुष्यात कुणाची नाडी हातात धरली नव्हती. टेकडीवरच्या एल्म लॉजमध्ये राहायचे. त्या महिन्यात ते ‘निळा मेंढा’त आले, हातमोजे न काढता बसले, बिअरला हात लावला नाही, आणि ती पुडी घेऊन गेले. पुडीवर टेमरच्या रविवारच्या शाळेतल्या टपोऱ्या अक्षरात चिठ्ठी होती: टेमर कर्शॉ, काळी धार, तिन्ही वर्षांच्या तारखा.

दीड वर्षाने पुस्तक आलं. शेवाळाला नाव पेल्हमचं. आणि प्रस्तावनेत दोन ओळी: ‘खोऱ्यातल्या एका विणकराने हे शेवाळ अजाणता माझ्या हाती दिले. हात त्याचे; ओळख माझी.’

टेमर तेव्हा अंथरुणाला खिळली होती. तिने त्या ओळी दोनदा वाचल्या.

“अजाणता,” ती म्हणाली. “तीन वर्षं त्या बर्फगार पाण्यात हात घातले ते काय अंघोळीला?” आणि खोकल्याची उबळ थांबल्यावर म्हणाली, “मला छापून नको रे काही. पण त्या माणसाने एकदा तोंडाने म्हणावं. चारचौघांत. की हिने पाहिलं, आणि काय पाहतोय ते हिला कळत होतं.”

ती जानेवारीत गेली. जेबेझने शपथ घेतली ती तिला मातीआड करून परत येताना, वाटेतच.

सुरुवातीला तो सरळ मार्गाने गेला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. रविवारचा कोट घालून एल्म लॉजच्या पुढच्या दारात उभा राहिला. मोलकरणीने त्याला मागच्या अंगणात पाठवलं. मागच्या अंगणात बसायला काही नव्हतं, आणि वारा इतका बोचरा की आडोशाला संडासाची भिंत तेवढी होती. तिथे तो अडीच तास उभा राहिला. पेल्हम दोनदा खिडकीत आले, दोनदा गेले. शेवटी मोलकरीण निरोप घेऊन आली.

“साहेब म्हणतात, सापडणं ही काही विद्या नाही. मेंढीलाही गवत सापडतं.” ती जराशी लाजली. “मी नाही हो म्हणत. साहेब म्हणतात.”

जेबेझला क्षणभर वाटलं, खिडकीवर दगड भिरकावावा. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्या घरातल्या कुणाला दाखवायचं नव्हतं. आणि नाकापुढे वितीवर, दोन विटांच्या मधल्या चुन्यात, त्याला एक झुपका दिसला. राखाडी-हिरवा, पानांची टोकं केसासारखी पांढरी. हे शेवाळ त्याने वाळलेलं पाहिलं होतं, ल्यूकच्या पेटीत. दोन दिवसांच्या वाटेवरच्या यॉर्कशायरच्या उंच चुनखडीच्या डोंगरांवर, दोन हजार फुटांवर होतं म्हणतात ते. इथे, गिरणीच्या धुरात, संडासामागे, ते मजेत वाढत होतं.

माणसाचं मन विचित्र असतं. डोळे पुसायच्या आधी त्याने भिंत तपासली. उत्तरेची बाजू, ऊन कधीच नाही, छपरातून सतत पाझर, आणि सांध्यांत चुना. शेवाळाला उंची कुठे कळते? त्याला ओल कळते आणि चुना कळतो. त्याने काहीही उचललं नाही. घरी गेला, आणि त्या रात्री कधी नव्हे ती चुलीवरची ओटची भाकरी पोटभर खाल्ली.

पुढे काय करायचं हे त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. फक्त हा पत्ता आपल्याला माहीत आहे आणि घरमालकाला नाही, एवढ्यावर तो जगला. दर वसंतात एल्म लॉजच्या मागच्या गल्लीत जायचा, दगडावर चढून कुंपणापलीकडे डोकावायचा, आणि झुपका जिवंत आहे ना बघून यायचा. लोक बायकोच्या थडग्यावर फुलं नेतात. हा तिथेही जायचा, पण आधी इथे.

दरम्यान पेल्हमसाहेब मोठे झाले. नुसती शेवाळं त्यांना पुरेनात. विज्ञान म्हणजे काय, हे ते आता जगाला शिकवू लागले. कारागीर संस्थेच्या सभागृहात दर हिवाळ्यात व्याख्यानमाला. तिथे पेल्हम सांगत की निसर्गात जमा करणारे लाखो असतात, समजणारा एखादाच. जमा करणाऱ्याला आपल्या हातात काय आहे ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. खरं विज्ञान खुर्चीत बसून न पाहिलेलं सांगतं. त्यांनी स्वतः एक सिद्धान्तही काढला होता: प्रत्येक शेवाळाचा खडक ठरलेला, उंची ठरलेली. “मला फक्त शेवाळ द्या,” ते म्हणत, “चिठ्ठी नको. ते कुठलं, हे मी सांगतो.” वर्तमानपत्रातून यावर वाद झडले. एका शाळामास्तराने लिहिलं की जो सिद्धान्त कधी चूक ठरू शकत नाही तो सिद्धान्तच नव्हे. पेल्हमनी त्याला पार धुऊन काढला: माझा सिद्धान्त चूक ठरू शकतो, फक्त तो ठरवणारा नमुना कुणी आणून दाखवत नाही.

जेबेझ सातही हिवाळे तिसऱ्या रांगेत बसला. एक व्याख्यान चुकवलं नाही. आणि त्याला सगळ्यात जास्त चीड कशाची यायची, तर माणूस बोलायचा बरोबर. पुरावा पाहा. आपलं चुकत असेल तर मान्य करा. नाव मोठं म्हणून विश्वास ठेवू नका. शब्द न शब्द जेबेझला पटायचा, आणि ज्याच्या तोंडून पटतोय त्याचा गळा धरावासा वाटायचा.

सातव्या हिवाळ्याच्या अखेरीला पेल्हमनी जाहीर केलं की समारोपाला आपण प्रात्यक्षिक करू. खोऱ्यातल्या विणकरांनी हवी ती डझनभर शेवाळं आठवडाभर आधी आणून द्यावीत. चिठ्ठ्या जोडू नयेत, जोडल्या तर त्या शेकोटीत जातील. शनिवारी दुपारी, भरसभेत, ते एकेक शेवाळ उचलून त्याचं मूळ ठिकाण सांगतील.

रविवारी टेबलावर हा निरोप आला तेव्हा सगळे जेबेझकडे बघू लागले. त्याने टोपीतून, आदल्या रात्री कुंपण ओलांडून आणलेला, अंगठ्याएवढा एक झुपका काढून टेबलावर ठेवला. ल्यूकने तो उलटा केला, मुळातला चुना चुरला, आणि बोटं नाकाशी नेली.

“यॉर्कशायरचं आहे हे,” तो म्हणाला. “पण चुना यॉर्कशायरचा नाही. ह्यात वीट आहे. कुणी, कुठे?”

जेबेझने उभं राहून ठिकाण सांगितलं. आधी कुणाला समजलंच नाही, मग समजलं, आणि टेबलावरची बिअर सांडली.

“हसू नका,” ल्यूक म्हणाला. त्याला एकट्याला हसू आलं नव्हतं. “जेबेझ, गड्या, ही शिकार आहे. शास्त्र नव्हे.”

“खोटं सांगतोय का मी काही?”

“नाही.”

“त्याला फसवतोय का? तो स्वतः म्हणतोय चिठ्ठी नको.”

“आपल्या टेबलावरून चिठ्ठीशिवाय नमुना जात नाही,” ल्यूक म्हणाला. “पेल्हम म्हणो नाहीतर राणी म्हणो.”

“चिठ्ठी असेल,” जेबेझ म्हणाला. “एकीची पुडीवरची चिठ्ठी गेली. ही नाही जाणार.”

त्याने ती घरी केली. पातळ कागदावर पेन्सिलीने लिहिली, काडीसारखी बारीक गुंडाळली, मेणबत्तीचं मेण चोळलं, आणि मागावरच्या पांढऱ्या सुताने झुपक्याच्या मुळांशी, आतल्या बाजूला बांधली. वरून बघणाऱ्याला काही दिसणार नव्हतं. उलटं करणाऱ्याला पहिल्या झटक्यात दिसलं असतं. ल्यूकला तर नक्कीच. टेमरला तर हात लावताच. पेल्हमना आठवडाभर ते शेवाळ घरात मिळणार होतं. उलटं करून बघायला सात दिवस पुष्कळ झाले. त्याहून जास्त सवलत कुणी कुणाला द्यायची?

शनिवारी गिरण्या दोनला सुटल्या आणि अडीचला सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. व्यासपीठावर हिरव्या कापडावर बारा बशा, प्रत्येकीत एक शेवाळ. अध्यक्षस्थानी संस्थेचे सचिव. पेल्हम काळ्या कोटात, भिंग सोनेरी साखळीला.

पहिली आठ त्यांनी अचूक सांगितली, हे कबूल करायला हवं. हे ओकवरचं, हे दलदलीतलं, हे वाहत्या पाण्यातलं. माणूस बिनडोक नव्हता. प्रत्येक वेळी ज्याचं शेवाळ तो विणकर उभा राहून ‘बरोबर’ म्हणायचा आणि टाळ्या पडायच्या. जेबेझही टाळ्या वाजवत होता.

नववी बशी. पेल्हमनी भिंग लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“अरे वा! हे कुणी आणलं? ह्यासाठी त्या माणसाला दोन दिवस चालावं लागलं असेल. सभ्य गृहस्थहो, हे यॉर्कशायरच्या चुनखडीच्या माथ्यावरचं. दोन हजार फूट, कमी नाही. त्याखाली हे जगत नाही. जगूच शकत नाही.”

जेबेझ उभा राहिला. “साहेब, एक विचारू?”

“विचार की. कर्शॉ ना तू? किती चाललास?”

“फार नाही साहेब. खाली जगूच शकत नाही म्हणालात, ते ठाम?”

“ठाम.”

“आणि जगलेलं कुणी दाखवलं तर?”

“तर,” पेल्हम सभेकडे वळले, “माझा सिद्धान्त खोटा. मी सात वर्षं हेच सांगतोय. एक नमुना पुरे.”

“मग तो झुपका जरा उलटा करून बघा, साहेब.”

थोडी कुजबुज झाली. पेल्हम हसले. “गरज नाही, अरे बाबा. शेवाळाची ओळख पानांवरून होते.”

“आमच्याकडे आधी उलटंच करतात.”

“तुमच्याकडे मगही उलटे करतात, ऐकलंय मी.”

सभा हसली. जेबेझही हसला. तसाच उभा राहिला. मग मागच्या रांगेतून ल्यूकचा घोगरा आवाज आला, त्याला कमी ऐकू येत असल्याने गरजेपेक्षा मोठा: “उलटं करायला काय जातं तुमचं?” आणि आणखी कुणी, आणि आणखी कुणी, आणि लाकडी तळाच्या बुटांचा जमिनीवर ठेका सुरू झाला. सचिव पेल्हमच्या कानाशी लागले.

पेल्हमनी दोन बोटांनी झुपका उचलला आणि उलटा केला.

पांढरं सूत तिसऱ्या रांगेतूनही दिसत होतं. त्यांनी ते ओढलं, मेणाचा कागद उलगडला, आणि वाचू लागले. मनातल्या मनात. चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्याच्या मागचा माणूस निघून गेला. मग त्यांचा हात खिशाकडे वळला.

“खिशात नको साहेब,” जेबेझ म्हणाला. “पुरावा आहे तो. वाचा.”

“वाचा! वाचा!” सभागृह ओरडलं.

ते वाचू लागले, कारण तीनशे माणसांपुढे दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

“एल्म लॉज, रॅम्सक्लफ. डॉक्टर पेल्हम यांच्या परसातला...” ते थांबले. ठेका पुन्हा सुरू झाला. “...परसातला संडास. उत्तरेची भिंत. विटांमधला चुना. जमिनीपासून चार फूट.”

असं हसू त्या सभागृहाने आधी ऐकलं नव्हतं आणि पुढेही ऐकलं नाही. गिरणीतल्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सचिवांनी रुमालात तोंड लपवलं. हशा ओसरतोय असं वाटलं की कुणीतरी ‘दोन हजार फूट!’ ओरडायचं आणि पुन्हा सुरू. पेल्हम कागद खाली ठेवू लागले.

“अजून आहे खाली,” जेबेझ म्हणाला. फक्त तोच हसत नव्हता.

“मी या भिंतीशी अडीच तास उभा होतो,” पेल्हमनी वाचलं. आवाज खाली गेला. “काळ्या धारेचे शेवाळ टेमर कर्शॉ हिने शोधले. तीन वसंत पाहून. जाणूनबुजून.”

“ऐकू आलं नाही.”

पेल्हमनी मान वर केली. त्यांना आता आठवलं असावं. पुडी, टपोरं अक्षर, खिडकीतून दिसलेला रविवारचा कोट. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, मोठ्याने. हसू थांबलं होतं. टेमरला ओळखणाऱ्या बायका त्या सभेत पुष्कळ होत्या.

“अजून एकदा,” जेबेझ म्हणाला.

“कर्शॉ, झालं आता,” सचिव म्हणाले.

“तीन वसंत, साहेब. तीन वेळा.”

ल्यूकने मागून येऊन त्याची बाही धरली. “पुरे कर. त्याचे हात बघ कसे थरथरतायत.”

जेबेझने बाही सोडवून घेतली. त्याला ते हात दिसत होते, आणि त्याला ते बघायचेच होते. टेमरचे हात त्याने तिन्ही वसंतांत चुलीपुढे धरून चोळले होते, निळे पडलेले. पेल्हमनी तिसऱ्यांदा वाचलं, आणि ‘टेमर’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला. पुढे कित्येकांनी म्हटलं, तिसरी वेळ नको होती. माणसाला इतकं खाली आणू नये. असतील त्यांची मनं मोठी. जेबेझला विचाराल तर ती तिसरी वेळच सगळ्यात गोड होती, आणि हे त्याने कधी लपवलंही नाही.

सभा तशीच उठून एल्म लॉजच्या मागच्या गल्लीत गेली. दिवस अजून होता. रांग लावून लोक दगडावर चढले आणि कुंपणावरून डोकावून आले. तरीही पेल्हम सावरले असते. चूक मान्य केली असती तर लोकांनी वर्षभरात माफ केलं असतं. आमची माणसं हसून मोकळी होतात. पण सोमवारी सकाळी त्यांनी माळ्याकरवी ती भिंत खरवडून घेतली आणि वर चुन्याचा हात फिरवला. शाळामास्तराने वर्तमानपत्रात एवढंच छापलं: पुरावा आला, आणि प्रयोगकर्त्याने तो पुसला. त्यानंतर पुढच्या हिवाळ्याच्या मालेचं नाव कुणी काढलं नाही. जूनमध्ये एल्म लॉजच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्या गेल्या. जेबेझ ते बघायला मुद्दाम वाट वाकडी करून गेला आणि गाड्यांत सामान भरून होईपर्यंत उभा राहिला, अडीच तास.

पण हे नंतरचं. सभेच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. ‘निळा मेंढा’त जेबेझ आत आला तेव्हा सगळ्यांनी आपापले मग आपटून स्वागत केलं. त्याने टोपी उलटी केली. आत एकच झुपका होता, तांब्याच्या टोकांचा, सकाळीच आणलेला. हात अजून बधिर होते.

ल्यूकने तो घेतला. उलटा केला, माती चुरली, वास घेतला. मग त्याने नाव सांगितलं. पुस्तकातलं. पेल्हमचं.

“ल्यूककाका, आज तरी,” कुणीतरी म्हणालं.

“आज तरी काय?” म्हातारा भडकला. “पहिलं छापलेलं नाव तेच नाव. पलीकडच्या खोऱ्यातल्या माणसाला हे कुठलं शेवाळ ते कळावं म्हणून नाव असतं. न्याय करायला नसतं. मला आवडतं का ते? थुंकावंसं वाटतं. पण आज मी खोटं सांगितलं तर काल त्या भिंतीपाशी गेलोच कशाला आपण?”

जेबेझची आदल्या दिवसापासून चढलेली नशा झर्रकन उतरली. तो माणूस गाव सोडेल, मरेल, त्याची हाडं माती होतील, आणि काळ्या धारेमागे दर वसंतात त्याच्या नावाला तांब्याची टोकं फुटतील. तोंडातून काढून घेता आलं, पुस्तकातून नाही. राग त्याला आला, जुनाच, जसाच्या तसा. आणि ल्यूकचं बरोबर होतं, म्हणून तो आणखीच आला.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “पुढचं विचार.”

ल्यूकने घसा साफ केला. “कुणी, कुठे?”

सात वर्षं तिच्या जुन्या नमुन्यांना हा प्रश्न आला की जेबेझ ‘घरचीने’ म्हणून ठिकाण सांगत आला होता. आज तो खुर्चीला धरून उठला. आता शपथ नव्हती. नाव तोंडाशी होतं, पण सात वर्षं बंद राहिलेलं तोंड ते घ्यायचं कसं हे विसरलं होतं. त्याने दोनदा ओठ उघडून मिटले. कुणी त्याच्याकडे बघितलं नाही. सगळे आपापल्या मगात बघत होते.

“टेमरने,” तो पुटपुटला. “काळ्या धारेमागे.”

ल्यूकने चांगल्या कानामागे हात धरला आणि टेबलावर झुकला. “ऐकू आलं नाही, जेबेझ.”

“टेमरने!” तो ओरडला, इतक्या मोठ्याने की बाहेर रस्त्यावरची माणसं थबकली. आणि मग, कुणी सांगितलं नव्हतं तरी, खाली बसता बसता त्याने ते तिसऱ्यांदा घेतलं, हळू, ती खिडकीत कांड्या भरत असताना मागावरून हाक मारायचा तसं.